शुक्रवारची मोजणी

अरुणकुमार खरोसेइतका भित्रा माणूस कुवेतमधल्या अख्ख्या फहाहीलमध्ये शोधून सापडला नसता, आणि गंमत म्हणजे भिण्याचाच त्याला पगार मिळायचा. मीना अब्दुल्लाच्या रिफायनरीत एका ठेकेदाराकडे तो सेफ्टी ऑफिसर होता. काय पेटेल, कोण पडेल, कुठली वाफ कुणाच्या तोंडावर येईल, याची धास्ती सगळ्यांच्या वतीने त्याने घ्यायची, म्हणजे बाकीचे बिनघोर काम करायला मोकळे. घरी आल्यावरही हे काम त्याच्या अंगावरून उतरत नसे. हॉटेलात शिरला की आधी बाहेर पडायचा दुसरा दरवाजा शोधायचा आणि मग मेनू हातात घ्यायचा. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात. याच्या पाठीला ब्रह्मराक्षसाचं अख्खं खटलं होतं.

हसण्यासारखं एवढंच. तो मूळचा लातूरकडचा, किल्लारीच्या शेजारच्या गावातला. भूकंप झाला तेव्हा एकोणीस वर्षांचा होता. गणपती बोळवून झाल्यावर त्या रात्री तो शेतातल्या आखाड्यावर, खोपटात, झोपायला गेला होता, आणि एकटा गेला नव्हता. कुणाबरोबर, ते गावात कळलं असतं तर त्याला घर उरलं नसतं. सकाळी परत आला तेव्हा कुणाचंच उरलं नव्हतं. वडील, आई, दोन बहिणी. तंबूतल्या कारकुनाने विचारलं, घरात माणसं किती होती? तो म्हणाला, चार. कारकुनाने चार लिहून घेतलं आणि पुढच्याला हाक मारली. स्वतःला मोजायचं राहून गेलं हे त्याच्या फार उशिरा लक्षात आलं, आणि पुढे ती खोड जडली ती जडलीच. रिफायनरीत आगीचा सराव असला की सगळे मैदानात जमायचे, अरुणकुमार डोकी मोजायचा, आणि आकडा हमखास एकाने कमी यायचा. साहेब, तुम्ही आतच राहिलात वाटतं, असं लोक म्हणायचे. तोही हसायचा.

कुवेतमध्ये तो सोळा वर्षं एकटा राहिला. लग्न का केलं नाही, याची तीन-चार उत्तरं त्याच्याकडे तयार असत, आणि माणूस बघून तो त्यातलं एक काढून देई. खरं उत्तर त्याने पहिल्यांदा दिलं ते मारिसेलला. मारिसेल फिलिपिन्सची, सलूनमध्ये काम करणारी, कागदोपत्री पुरुष आणि मनाने पहिल्यापासून बाई. बॉल म्हणजे काय ते त्याला तिच्याकडून समजलं. तिकडे लांब न्यूयॉर्कला, घरच्यांनी हाकलून दिलेल्या आपल्यासारख्या लोकांनी आपापली घरं मांडली, प्रत्येक घराला एक आई. या घरांतली लेकरं नटूनथटून, ऐटीत एकमेकांसमोर चालून दाखवतात, नाचतात, पंच गुण देतात. ज्याला रस्त्याने कुणी धड चालू देत नाही, तो तेवढ्या वेळापुरता राणी होतो. मनिलामध्ये तिचं असं घर होतं. फहाहीलमध्ये तिने दुसरं मांडलं.

दोन वर्षांपूर्वी बस स्टॉपवरच्या तपासणीत तिचा इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, संपलेला निघाला, आणि तिसऱ्या आठवड्यात तिला विमानात बसवलं. जाण्याआधी फोनवर तिने घर अरुणकुमारच्या हवाली केलं. त्याने सांगून पाहिलं, मला नाही जमायचं, मला फार भीती वाटते. ती म्हणाली, म्हणून तर तुला देते. मी भ्याले नाही, त्याचं काय झालं बघतोस ना.

असा हा पन्नाशीचा, टक्कल पडलेला, बीपीच्या गोळ्या खाणारा माणूस चार लेकरांची आई झाला. त्यांना तो लातूरच्या बोलीत लेकरं म्हणायचा, म्हणून तीही त्याला माय म्हणायला लागली. हारून श्रीवर्धनचा, लेडीज टेलर, सगळ्यांचे कपडे तोच शिवायचा. चंपा शुऐबाच्या कामगारांच्या मेसमध्ये भाकऱ्या बडवायची आणि नूरी पुरुषांच्या सलूनमध्ये दाढ्या करायची. ही नावं घरातली. बाहेरची, कागदावरची पुरुषी नावं वेगळी होती आणि घरात ती घ्यायची नाहीत असा दंडक होता. चौथी तहरीम. ती हर्णैची, वय चोवीस, रुमैथियाच्या एका कुवेती कुटुंबाकडे ड्रायव्हर. आठवडाभर ती पांढरा शर्ट घालून मॅडमच्या मुलांना शाळेत सोडायची. गावी तिच्या वडिलांनी सांगून ठेवलं होतं की पैसे पाठव, पण तोंड दाखवू नकोस. अरुणकुमारचा जीव चौघांतही या लेकरात जास्त होता. आईने असं करू नये, पण आया करतात.

या घराचा बॉल कसा चालायचा ते ऐकलं तर तुम्हाला खरं वाटणार नाही. शुक्रवारी दुपारी नमाजाची वेळ धरून सगळे अरुणकुमारच्या पाचव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये जमायचे, कारण तेव्हा निम्मी इमारत मशिदीत असते. एक आला की दहा मिनिटांनी दुसऱ्याने यायचं. फोन काढून तांदळाच्या डब्यात टाकायचे, वर झाकण. पायांत जाड मोजे, जमिनीवर दोन गाद्या, खिडक्यांना दुहेरी पडदे. आणि गाणं? गाणं कानांत. एकाच यंत्राला जोडलेले बिनवायरचे हेडफोन सगळ्यांनी घालायचे. बाहेरून कुणी कान लावला असता तर एसीच्या घरघरीपलीकडे त्याला काही ऐकू आलं नसतं, आणि आत चंपा राणीसारखी चालत असायची. टाळ्या वाजवायच्या नाहीत, रुमाल हलवायचे. एकाने मात्र हेडफोन न घालता दाराशी पहाऱ्याला बसायचं, आणि तो एक म्हणजे दर वेळी अरुणकुमार. त्यामुळे त्याने आपल्याच घराचा बॉल दोन वर्षं मुक्यानेच पाहिला होता.

निघताना दारात मोजणी. एक, दोन, तीन, चार, ज्याने त्याने आपला आकडा म्हणायचा आणि बाहेर पडायचं. आणि शेवटचा, सगळ्यांत कडक नियम: उंबरठ्याच्या बाहेर कुणी कुणाला ओळखत नाही. काहीही झालं तरी. पुरुषाने बाईचा वेश घेतला तर पकडायचं कलम इथल्या कोर्टाने काढून टाकलं असं त्याने पेपरात वाचलं होतं, पण माणसाला विमानात बसवायला कलम कशाला लागतं, एक वाईट शेजारी पुरतो. एक सापडला तर एकच सापडावा, बाकीचे वाचावेत. हे चौघांना सांगताना त्याचा आवाज रिफायनरीतल्यासारखा कोरडा असायचा, आणि मग रात्रभर झोप लागायची नाही.

मार्चमधल्या त्या शुक्रवारी लेकरांनी कट केला होता. आज मायने चालायचं. मारिसेलचा चंदेरी टिकल्यांचा झगा तिने मागे ठेवला होता, तो हारूनने गुपचूप मापाने मोठा करून आणला. अरुणकुमारने नाही नाही ते बहाणे सांगितले. पहारा कोण करणार, हा त्यातला खरा. तहरीम म्हणाली, एक गाणं, माय, साडेतीन मिनिटं. साडेतीन मिनिटांत काय आभाळ कोसळणार आहे? ती स्वतः मॅडमने टाकून दिलेल्या मोरपिशी भरजरी झग्यात उभी होती, आणि इतकी सुरेख दिसत होती की त्याला तिचा शब्द मोडवेना.

त्याने झगा घातला. हेडफोन कानांवर चढवले. दोन वर्षांत पहिल्यांदा त्याने ते गाणं ऐकलं, आणि पहिल्यांदा त्याला कळलं की ही पोरं कशावर इतकी खूश होतात. गादीवर पहिलं पाऊल त्याने जपून टाकलं. तिसऱ्या पावलाला हात आपोआप कमरेवर गेला. त्याला आपल्या थोरल्या बहिणीची आठवण झाली, ती पाण्याला निघाली की अशीच चालायची. त्याला रडू येईल असं वाटलं आणि तो हसला.

गादीच्या टोकाला पोचून तो जो थांबला तो थांबलाच. मान वर, नाकपुड्या फुललेल्या, एक हात हवेत. काय ती पोज. लेकरांनी रुमाल हलवले, नूरीने दोन्ही हातांची बोटं पसरून दहापैकी दहा दिले. पोज कुठली? वायर जळल्याचा वास आला होता.

त्याने हेडफोन ओढून काढले आणि घंटा ऐकू आली. इमारतीची आगीची घंटा. ती केव्हापासून वाजत होती कोण जाणे. दोन वर्षं घसा कोरडा करून त्याने जी व्यवस्था बसवली होती, तिच्यापायी त्याची चारही लेकरं कान बंद करून आगीवर नाचत होती, आणि ज्या एकाने ऐकायचं तो राणी होऊन चालत होता.

मग सवयीने काम केलं. हाताची मागची बाजू दाराला लावून पाहिली, दार गार होतं. टॉवेल भिजवले. चौघांनी एकदमच कपडे बदलायला धाव घेतली आणि तो त्यांच्यावर खेकसला. सामानासाठी थांबायचं नाही, कपड्यांसाठी नाही, फोनसाठी नाही, हे त्याने हजारो कामगारांना शिकवलं होतं. तहरीमने त्याचं मनगट धरलं.

"माय, हा झगा मॅडमचा आहे. तिने टाकलेला म्हणून कोण ऐकणार? असं कुणी बघितलं तर चोरीपण माझ्यावर आणि बाकीचंपण."

"आधी जीव वाचव," तो म्हणाला. "पुढचं पुढे."

दारात त्याने मोजले. एक, दोन, तीन, चार. टॉवेल तोंडाला, हात पुढच्याच्या खांद्यावर, भिंतीच्या कडेने खाली. हारून पुढे, तहरीम चौथी, तो सगळ्यांत मागे. जिन्यात दिवे नव्हते आणि धूर गुडघ्यापर्यंत उतरला होता. पहिल्या मजल्यावर कुणाचा तरी एसी पेटला होता, पण ते नंतर कळलं. तेव्हा एवढंच दिसत होतं की काही दिसत नाही.

चौथ्या मजल्याच्या वळणावर कुणी तरी मराठीत रडत होतं. बँकेतली अंतरा, तिची कॉलेजात जाणारी मुलगी स्पृहा आणि गुडघ्यांनी अधू सासू, मंदाकाकू. या घरातून अरुणकुमारला दिवाळीला फराळाचं ताट यायचं, खरोसेकाका एकटेच असतात म्हणून. म्हातारी पायरीवर बसली होती आणि उठायला तयार नव्हती. त्याने पुढे होऊन तिला काखेत धरून उचललं, हारूनने पाय धरले, आणि ती वरात खाली निघाली. टिकल्या टोचतात म्हणून काकू कुरकुरत होत्या. तहरीम आपल्या मागेच आहे असं तो धरून चालला. मागे वळून बघायचं राहिलं.

बाहेर ऊन डोळ्यांत घुसलं. रस्त्यावर गर्दी होती, नमाजाहून परतलेले लोक, बकाल्यातली, म्हणजे किराणा दुकानातली, माणसं, दोन अग्निशामक गाड्या. काकूंना बाकावर टेकवून त्याने मोजायला मान फिरवली, तर मोजायला कुणी नव्हतं. लेकरं नियमाने वागली होती. उंबरठ्याबाहेर कुणी कुणाला ओळखत नाही. बाहेर पडल्या पडल्या दिशादिशांना पांगली होती, गाड्यांच्या आड, टॉवेलात तोंड लपवून. त्यानेच शिकवलं होतं, आणि पोरं गुणी निघाली.

तो चंदेरी झग्यात भर रस्त्यात उभा होता. आता लोक बघायला लागले होते. स्पृहाने फोन वर धरला होता. शहाण्याने काय करावं? निघून जावं, पलीकडच्या गल्लीत, समुद्राकडे. चारही बाहेर आली असतीलच. आली असतीलच ना? किल्लारीपासून आजवर तो इतका भ्याला नव्हता. आणि त्या भीतीपोटीच त्याच्या तोंडून रिफायनरीतला तो आवाज निघाला, जो वाऱ्यातसुद्धा मैदानाच्या टोकाला पोचतो.

"घर! माझ्यापाशी या. मोजायचंय."

कुणी हललं नाही. त्याने परत हाक मारली. मग पिकअपच्या मागून हारून आला, खाली मान घालून. एक. चंपा आली, दोन. नूरी भिंतीच्या कडेने आली आणि त्याच्या झग्याला धरून उभी राहिली, तीन. लोकांनी वाट दिली, कुणीतरी हसलं, कुणीतरी थुंकलं. चौथं कुणी आलं नाही.

तहरीम कपडे बदलायला परत वर गेली होती. त्याला ते कुणी सांगावं लागलं नाही.

अग्निशामक दलाचा एक जवान मास्क लावून आत निघाला होता, त्याला त्याने अडवलं आणि साइटवरच्या मोडक्या अरबीत सांगितलं, पाचवा मजला, डावीकडे, बाथरूम, आतून कडी. जवानाने विचारलं, कोण आहे? इमारतीचा राखणदार, ज्याला इकडे हारिस म्हणतात, तो शेजारीच होता. तो म्हणाला, कुणी नाही, हा एकटा राहतो, याला मूलबाळ नाही. एक पोलीसही येऊन उभा राहिला होता आणि झग्याकडे खालपासून वरपर्यंत बघत होता.

"बिंती," अरुणकुमार म्हणाला. माझी मुलगी. आणि जवान अजून घुटमळतोय असं वाटून तो मराठीतच बोलायला लागला. "माझं लेकरू हाय आत. जा की बाबा. माझं लेकरू हाय."

जवान गेला. पुढची अकरा मिनिटं त्याने पाचव्या मजल्याच्या खिडकीवरची नजर हलवली नाही. पोलिसाने बताका मागितला, ओळखपत्र. ते वर होतं. थांब इथेच, पोलीस म्हणाला. तो कुठे जाणार होता? मागे अंतराचा आवाज त्याला ऐकू आला, हळू पण धारदार. "स्पृहा, फोन खाली घे. आधी खाली घे." मुलगी इंग्रजीत काहीतरी पुटपुटली. अंतरा त्याच्याजवळ मात्र आली नाही, आणि त्याच्याकडे तिने पाहिलंही नाही.

तहरीमला खांद्यावर टाकून आणलं. अंगात पांढरा शर्ट, काळी पँट, बटणं वरखाली लागलेली. तोंड धुतलेलं होतं, काजळ मात्र एकाच डोळ्याचं निघालं होतं. ती खोकत होती, म्हणजे जिवंत होती. रुग्णवाहिकेच्या दारात तिच्या नाकातोंडावर ऑक्सिजनचा मास्क चढवला.

पोलीस अरुणकुमारकडे वळला. हा तर मुलगा आहे, तू मुलगी म्हणालास. मग त्याने तहरीमला विचारलं, हा माणूस कोण तुझा? याला ओळखतोस?

आता अरुणकुमारला उमगलं की ती सुटली आहे. शर्टपँट अंगात आहे, झगा वर राहिला आहे. नाही म्हटलं की एक ड्रायव्हर, कुणाला तरी भेटायला आलेला, धुरात सापडला, एवढंच उरतं. तिने आजवर कमावलेलं सगळं त्या एका नाहीवर उभं होतं. त्याने पोलिसाच्या खांद्याआडून तिला डोळ्यांनी खुणावलं, नाही म्हण. नियम आठव.

तहरीमने मास्क खाली ओढला. तिने त्याच्याकडे पाहिलं, मग त्याच्या मागे उभ्या असलेल्या तिघांकडे.

"चार," ती म्हणाली. घसा बसला होता तरी शब्द स्पष्ट होता.

त्याने नुसती मान हलवली तरी ती मास्क लावेना.

"आणि तू, माय? तुझा आकडा?"

तंबूतल्या कारकुनाने हे विचारलं नव्हतं. तेहतीस वर्षांत कुणीच विचारलं नव्हतं.

"पाच," अरुणकुमार म्हणाला.

मग तिने मास्क लावला आणि डोळे मिटले. पोलिसाला यातलं अक्षर समजलं नाही. त्याने वही उघडली आणि आधी नाव विचारलं. अरुणकुमारने नाव सांगितलं, सगळं, वडिलांच्या नावासकट. भीती जराही कमी झाली नव्हती. पोलिसाने तहरीमकडे बोट दाखवून विचारलं, हा तुझा कोण, आणि त्याने मघाचंच उत्तर परत दिलं. बिंती.